दर दुपारी एक बोट

एका गावात एक बेट होतं. पाण्यातलं नव्हे, बांबूचं. नदीकाठची दहा-बारा बिघे जमीन त्याने व्यापली होती आणि त्याच्या सावलीला बुरडांची बारा घरं होती. या घरांतली सुपं, टोपल्या, रोवळ्या आणि कणग्या साऱ्या मुलखात जात. बेट होतं म्हणून बारा चुली पेटत होत्या.

या बेटाला एक मोठा मान होता. राजाच्या पालखीचा दांडा इथूनच जायचा. पालखीचा दांडा तुम्ही पाहिला असेल. दोन्ही टोकांना सरळ आणि मधोमध कमानीसारखा वर उचललेला. ती कमान नसली तर आत बसलेल्याचं डोकं दांड्याला आपटेल, आणि राजाचं डोकं आपटून कसं चालेल? प्रजेचं आपटलं तर चालतं, पण ते असो.

आता असा कमानदार बांबू मिळणार कुठे? बांबू तर सरळसोट वाढतो. तोडल्यावर विस्तवावर धरून वाकवता येतो, पण मग त्याच्यात भार पेलायची ताकद उरत नाही. म्हणून तो वाढत असतानाच, कोवळा कोंब असतानाच वाकवायचा. मग तीन वर्षं त्याला बेटातच पिकू द्यायचा आणि मगच तोडायचा. दर बारा वर्षांनी पालखीचा दांडा बदलायची रीत होती, आणि नवा दांडा वळवायचं काम तान्हूबाई नावाची बाई करायची.

तान्हूबाई पन्नाशीची होती. अंगाने काटकुळी, जिभेने तिखट. माणसांशी ती फारसं गोड बोलत नसे. गोड बोलणं ती कोंबांसाठी राखून ठेवायची.

जुना दांडा बदलायला तीन वर्षं उरली होती. त्या उन्हाळ्यात राजाच्या बागेचा दारोगा राजापुढे उभा राहिला. त्याचं नाव रंगराव. माणूस कर्तबगार होता, हाताला कसब होतं, पण धीर म्हणून नव्हता.

तो म्हणाला, "महाराज, बारा वर्षांतून एका दांड्यासाठी नदीकाठची सोन्यासारखी जमीन अडकून पडली आहे. बेट तोडू आणि तिथे घोड्यांसाठी कुरण करू. कमानदार बांबूचं काय, मी तो दोन दिवसांत वाकवून दाखवतो."

राजा तरुण होता. त्याला घोडे आवडायचे, आणि दोन दिवसांत होणारी कुठलीही गोष्ट आवडायची. तरी एकदम बेटावर कुऱ्हाड चालवायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने हुकूम केला, "रंगरावाने एक दांडा वळवावा, तान्हूबाईने एक वळवावा. ज्याचा दांडा माझी पालखी गडावर नेईल त्याचं खरं. तान्हूबाईचा दांडा गेला तर बेट राहील. रंगरावाचा गेला तर कुरण होईल."

राजाच्या सुताराने कमानीचा लाकडी साचा करून दिला. कमान चोवीस बोटं उंच, म्हणजे बरोबर एक हात.

आषाढात बेटातून कोंब वर आले. रंगरावाने एक निवडला, तान्हूबाईने एक निवडला. बांबूचा कोंब दिवसाला वीत-दीड वीत वाढतो. पाहता पाहता दोन्ही कोंब डोक्याच्या वर गेले आणि वळवायची वेळ आली.

रंगरावाने आधी जोश्याला बोलावलं. एवढं राजाचं काम, ते मुहूर्ताशिवाय कसं करायचं? जोश्याने पंचांग पाहिलं आणि सूर्योदयाचा मुहूर्त काढून दिला. सकाळी सनई आली, ताशेवाले आले, सारा गाव गोळा झाला. कोंबाला हळदकुंकू वाहिलं. सूर्याची कोर दिसताच रंगरावाने काथ्याची दोरी कोंबाला अडकवली आणि चार गड्यांना म्हणाला, "ओढा!"

कोंब काकडीसारखा कटकन मोडला.

सनई मध्येच थांबली. ताशेवाल्याच्या मात्र लक्षात यायला जरा वेळ लागला, तो आपला वाजवतच राहिला. रंगराव म्हणाला, "कोंबच नाठाळ निघाला." जोशी म्हणाला, "मुहूर्त चांगला होता." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

त्याच दिवशी दुपारी तान्हूबाई आपल्या कोंबापाशी गेली. तिच्यासोबत ना सनई होती ना ताशा. आबाजी पाटील तेवढे कुतूहलाने मागे आले होते.

"तान्हूबाय, मुहूर्त तर सकाळीच टळला की," पाटील म्हणाले.

"पाटील, सकाळच्या पारी कोंब पाण्यानं टच्च भरल्याला असतोय. हात लावला की मोडतोय. दुपारच्याला ऊन खाऊन जरा सैलावतो. त्येचा मुहूर्त त्यो सवताच काढतो."

तिने जुन्या लुगड्याची मऊ पट्टी घेतली. कोंबाच्या शेंड्याखाली, जिथे तो अजून कोवळा होता तिथे, पट्टी सैल गुंडाळली. गाठीखालून आपलं बोट सरकतं का ते पाहिलं. बोट सरकलं. मग पट्टीचं दुसरं टोक खुंटीला बांधून तिने कोंबाला हलकेच खाली घेतलं, ते एक बोटभर. बस, एवढंच. कोंबावरून हात फिरवला, त्याला काहीतरी सांगितलं आणि ती घरी जाऊन रोवळी विणायला बसली.

दुसऱ्या दुपारी तिने गाठ सोडली, पट्टी जरा वर सरकवली आणि आणखी एक बोट खाली घेतलं. तिसऱ्या दुपारी आणखी एक. रोज गाठ सोडायची, रोज नवी बांधायची. कोंब वाढतच होता आणि वाढता वाढता वळत होता. आपल्याला कुणी वळवतंय हे त्याच्या गावीही नव्हतं.

तिकडे रंगरावाने दुसरा कोंब निवडला. हा थोडा जून होता, सहजी मोडणारा नव्हता. पुन्हा सनई आली, पुन्हा ताशे आले. या खेपेला आठ गडी लावले, चार खुंट्या ठोकल्या, काथ्याचे दोर आवळले. दोन दिवसांत कोंब साच्याला जाऊन टेकला. आवळताना कोंबाच्या आतून कर्र असा बारीक आवाज आला होता. पण ताशे इतक्या जोरात वाजत होते की गावात कुणाला तो ऐकू गेला नाही. लोकांनी पाहिली ती कमान. चोवीस बोटं, ना एक कमी ना एक जास्त.

अकराव्या दिवशी राजा स्वतः पाहायला आला. रंगरावाची कमान पाहून तो खूश झाला. त्याने आपला शेला काढून रंगरावाच्या खांद्यावर घातला. मग तो तान्हूबाईच्या कोंबापाशी आला. सुताराने साचा लावून पाहिला. अकरा बोटं भरली.

राजा हसून म्हणाला, "बाई, तुझा दांडा माझ्या नातवाच्या कामी येईल असं दिसतं."

बरोबरचे सगळे हसले. तान्हूबाई हसली नाही. हात जोडून म्हणाली, "महाराज, घाई तुमाला परवडंल. मला न्हाई परवडायची. माज्या मागं बारा घरं हाईत."

राजा निघून गेला. कुरणाच्या हद्दीचे दगड रोवायला माणसं कधी येणार याची चर्चा सुरू झाली. बायका विचारू लागल्या, बांबू नाही तर आम्ही विणायचं काय? जो तो तान्हूबाईला सांगू लागला, "जरा जोर लाव. रोज चार बोटं घे. तिकडं बघ, दोन दिवसांत झालं."

ती एकच सांगायची, "त्याला येकदा दटावून भागत न्हाई. रोज सांगावं लागतं, आन हळू सांगावं लागतं."

तिचा दीर म्हादू याला हे ऐकवेना. माणूस वाईट नव्हता. त्याला चार मुलं होती आणि बेटाशिवाय दुसरं काही ठाऊक नव्हतं. बाराव्या दिवशी सकाळी, तान्हूबाई नदीवर गेलेली असताना, तो कोंबापाशी गेला आणि पट्टी आवळून त्याने कोंब एकदम चार बोटं खाली ओढला. भावजयीचं काम हलकं केलं असंच त्याला वाटत होतं.

तान्हूबाई परत आली आणि तिथेच थबकली. बाकाच्या बाहेरच्या अंगाला कोंबाची हिरवी साल ताणून पांढुरकी पडली होती. पट्टी सालीत रुतली होती. तिने हातातली घागर तशीच खाली टाकली. गाठ सोडली आणि कोंब चार बोटं मागे घेतला. मग ती म्हादूकडे वळली आणि जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर कोंबाशेजारी बसली आणि ढसाढसा रडली.

म्हादू कसनुसा होऊन म्हणाला, "वैनी, चुकलं माजं. आता काय करायचं?"

"काय न्हाई. हात लावायचा न्हाई. त्याला इसावा घेऊ दे."

चार दिवस तिने कोंबाला नुसतं पाहिलं. सगळ्या गावाचा जीव टांगणीला लागला. एकेक दिवस मोलाचा होता, कारण बांबूचं कोवळेपण जेमतेम चोवीस-पंचवीस दिवस टिकतं. त्यानंतर तो टणक होतो. चौथ्या दिवशी सालीचा पांढुरकेपणा गेला, हिरवा रंग पुन्हा भरून आला. पाचव्या दुपारी तान्हूबाईने नवी पट्टी बांधली आणि कोंब खाली घेतला, तो एकच बोट.

चोविसाव्या दुपारी कमान वीस बोटं भरली होती. साच्याला चार बोटं कमी पडत होती. तान्हूबाईने कोंब अंगठ्याने दाबून पाहिला. तो घट्ट लागला.

आबाजी पाटील कळवळून म्हणाले, "तान्हूबाय, चारच बोटं ऱ्हायली. एवढा एकच हिसका दे. साच्यात बसलं न्हाई तर राजा बेट तोडंल."

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलाही मोह झाला. पट्टी हातात होती. चार बोटं म्हणजे ती किती? एक हिसका आणि साचा जुळला असता. वरून कुणाला काही दिसलंही नसतं. तिने बारा घरांकडे पाहिलं. मग कोंबाकडे पाहिलं.

"न्हाई," ती म्हणाली. "त्याला जेवढं जमलं तेवढं त्यानं केलं. आता वडलं तर साचा खूश हुईल, खांदेकरी मरतील."

आणि तिने शेवटची गाठ सोडून टाकली. कोंब जागचा हलला नाही. वीस बोटांची कमान आता त्याची स्वतःची झाली होती.

तीन वर्षं दोन्ही बांबू बेटात उभे राहिले. ती तीन वर्षं गावाने कशी काढली ते गावालाच ठाऊक. रंगरावाची कमान पाहायला लांबून लोक यायचे. तान्हूबाईच्या बांबूकडे जाताजाता एक नजर टाकून म्हणायचे, "चांगला आहे, पण कमी आहे." ती ऐकायची आणि सूप विणत राहायची.

चौथ्या वर्षी थंडी सरताना दोन्ही बांबू तोडले, सावलीत वाळवले आणि चैत्रात गडाखाली आणले. गडावर देवीची जत्रा होती. राजा पालखीतून वर जायचा होता. रंगरावाने आपल्या दांड्याला किनखाब गुंडाळलं होतं आणि टोकांना चांदीची फुलं ठोकली होती. तान्हूबाईच्या दांड्याला नुसतं तेल चोळलेलं होतं.

पण राजा बसण्याआधी दांड्याची परीक्षा घ्यायची भोयांची रीत होती. राजाच्या वजनाहून थोडी जास्त भरतील इतकी ज्वारीची पोती पालखीत ठेवायची आणि घाटाची पहिली चढण चढून यायचं. भोयांचा म्होरक्या नावजी म्हणून होता. त्याच्या खांद्यावर घट्टे पडलेले होते. राजा म्हणाला, "रंगरावाची कमान तर डोळ्यांना दिसतेच आहे. परीक्षा कशाला?"

नावजी म्हणाला, "महाराज, कमान डोळ्यांनी कळत न्हाई. खांद्याला कळती."

आठ भोयांनी रंगरावाच्या दांड्याची पालखी उचलली. सपाटीवर ती झोकात निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर खडी चढण होती. पुढचे भोई वर, मागचे खाली. सगळा भार कमानीच्या एका अंगावर आला. किनखाबाच्या आत काहीतरी कुरकुरलं आणि पुढच्याच पावलाला दांडा कमानीत फाटून दोन झाला. पालखी धाडकन आदळली, एक पोतं फुटलं आणि ज्वारी घाटातून खळखळत खाली आली. नशीब की आत ज्वारीच होती.

नावजीने किनखाब फाडून बाजूला केलं आणि मोडलेलं टोक राजापुढे धरलं. आतल्या धाग्यांवर जुनाट काळा डाग पडला होता.

"महाराज, ह्यो आज मोडल्याला न्हाई. आतनं कवाच तुटल्याला हाय. वरनं साल भरून आली, एवढंच."

राजाने रंगरावाकडे पाहिलं. रंगरावाची मान खाली गेली. ताशांच्या गजरातला तो कर्र आवाज गावाने ऐकला नव्हता, पण दोर त्याच्या हातात होता. त्याने तो ऐकला होता आणि तीन वर्षं पोटात ठेवला होता.

मग तान्हूबाईचा दांडा पालखीला चढवला. पोती तीच. भोई तेच. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर भोयांनी दम घेतला. खाली बारा घरांची माणसं श्वास रोखून उभी होती. म्हादूने डोळे मिटून घेतले होते. चढणीवर भार आला तशी कमान जराशी लवली, भार पुढे सरकला तशी पुन्हा वर आली. नावजीने खांदा न बदलता वरूनच आरोळी ठोकली, "दांडा जित्ता हाय!"

खाली एकच जल्लोष झाला.

पालखी परत खाली आली. आता राजाने बसायचं होतं. सुतार साचा घेऊन पुढे आला आणि चाचरत म्हणाला, "महाराज, कमान चार बोटं कमी आहे. आपल्या पगडीचा तुरा दांड्याला लागेल."

राजाचा तुरा म्हणजे राज्याचा मान. तान्हूबाई पुढे आली. तिने सबब सांगितली नाही आणि दिराचं नावही घेतलं नाही.

"कमी हाय, महाराज. त्याच्यापरास जास्त वाकवला असता तर मोडला असता. म्या वाकवला न्हाई."

राजाने तिच्याकडे पाहिलं, घाटात सांडलेल्या ज्वारीकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताने तुरा उपटला आणि सुताराच्या हातात दिला. "तुरा काढता येतो," तो म्हणाला. आणि पालखीत जाऊन बसला.

त्या दिवशी पालखी गडावर गेली ती कुठेही खाली न टेकता. भोई गात होते. पुढे ताशे वाजत होते आणि ताशांच्याही पुढे बारा घरांची लहानथोर माणसं नाचत होती. तान्हूबाई पालखीच्या बाजूने चालत होती, आणि माणसांशी गोड न बोलणारी ती बाई वाटेत भेटेल त्याला म्हणत होती, "बघितलासा का माजा कोंब?" तिच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं आणि ते पुसायचं तिला भानही नव्हतं.

गडावर पोचताच राजाने देवीसमोर सांगितलं, "बेट बारा घरांचं आहे. माझ्यामागूनही त्याला कुणी हात लावायचा नाही."

मग तो रंगरावाकडे वळला. राजाचा राग भयंकर होता. "याला आजच्या आज राज्याबाहेर काढा," तो म्हणाला.

"थांबा, महाराज," तान्हूबाई म्हणाली. "त्यास्नी काढू नगा. हाताला कसब हाय त्यांच्या. औंदाच्या पावसाळ्यात माज्यापाशी बेटात धाडा. शिकतील हळूहळू."

आषाढ लागला तसा रंगराव बेटात आला. पहिल्या वर्षी त्याने सात कोंब मोडले. तान्हूबाईने एकदाही त्याला दटावलं नाही. तिच्यासारख्या बाईला ते किती जड गेलं असेल याची कल्पना करा. दुसऱ्या वर्षी त्याने तीन मोडले. तिसऱ्या वर्षी एकही नाही.

दांडा बदलायची पुढची वेळ आली तेव्हा तान्हूबाईचे हात थकले होते. तो दांडा रंगरावाने वळवला. चोवीस दुपारी, चोवीस बोटं. तो गडावर गेला त्या दिवशी तान्हूबाई घाटाच्या पायथ्याशी बसून होती. पालखी तिसरं वळण पार करून वर निघाली, तेव्हा साऱ्या घाटात सगळ्यांत मोठ्याने तीच ओरडली.

तात्पर्य: वाढत्या जिवाला वळण लावायचं ते रोज थोडं आणि हळुवार हाताने. जोराने वाकवलेलं लवकर वाकतं, पण भार आला की मोडतं. धीराने वळवलेलं जन्मभर भार पेलतं.